पाळकीणबाईंचा सोमवार

पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, सोमवारी सुट्टी असते. त्याच्या बायकोला, पाळकीणबाईला, कोणत्या वारी असते, ते माझ्या मावशीला तीस वर्षांत कळलं नाही.

मावशीचे यजमान सोलापुरातल्या एका चर्चचे पाळक. घर चर्चच्या आवारातच. दोन खोल्या आणि पडवी, तरी सगळे त्याला ‘बंगला’ म्हणतात. मिशनरी साहेबांच्या काळातला शब्द. घर आटलं, शब्द तेवढा उरला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांचा खाडा असतो, त्यामुळे पाण्याचा दिवस म्हणजे घरात धांदल. अशाच एका दिवशी मावशीने पिंपात पाइप सोडला आणि नेमकी दारात मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, एक आजी. ‘सलाम, पाळकीणबाई.’ सुनेचं गाऱ्हाणं होतं. पाण्याच्या आवाजात आजीचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मावशीने तोटी बारीक केली आणि समोर बसून राहिली. आजी उठली तेव्हा पिंप अर्धं होतं आणि पाणी गेलेलं. ती सूनही आदल्या आठवड्यात येऊन आपली बाजू सांगून गेली होती. हे मला पुढे त्या सुनेकडूनच कळलं. मावशीने कधी चकार शब्द काढला नाही.

कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२५ साली कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. ती स्वतः मठ सोडून आलेली जोगीण. विटेनबर्गच्या जुन्या मठात तिने विद्यार्थी, पाहुणे, आजारी माणसं असा गोतावळा सांभाळला, शेती पाहिली, घरची बिअरसुद्धा गाळली. पाळकाच्या घराचं दार सताड उघडं असतं, ही प्रथा तिथपासूनची म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाईंनाही घरात आज जेवायला किती पानं, हे आधी माहीत नसायचं.

या प्रकाराला समाजशास्त्रात नाव मिळालं ते १९७३ साली. हॅना पापानेक या अभ्यासिकेने ‘दोन माणसांची नोकरी’ अशी कल्पना मांडली: नेमणूक नवऱ्याची, पगार नवऱ्याचा, पण संस्था धरून चालते की बायकोही कामाला आहे. लष्करी अधिकारी, राजदूत, बड्या कंपन्यांचे साहेब यांच्या घरी हेच चालतं. पाळकाच्या घरी तर हे इतकं मुरलेलं आहे, की महिला मंडळाची अध्यक्ष कोण हे नवे पाळक येण्याआधीच ठरलेलं असतं. हल्ली स्त्रियाही पाळक होतात; पण ‘पाळकांचे यजमान’ म्हणून कुणाला महिला मंडळासाठी लाडू वळायला बसवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मॉरिस आणि ब्लँटन या दोन संशोधकांनी १९९४ साली अमेरिकेतल्या पाळक-दांपत्यांचे ताण तपासले. सतत बदली, अपुरं वेतन, लोकांच्या अपेक्षा आणि वेळेची ओढाताण, घराच्या हद्दीत होणारी घुसखोरी आणि आधाराचा अभाव. अमेरिकेची यादी आहे, पण सोलापूरच्या बंगल्यात कुणी वाचून दाखवली तर मध्येच ‘आमच्याच घरी आला होता का हा माणूस?’ असा प्रश्न येईल. साडी नवी दिसली तर ‘दशांशातून का?’, म्हणजे सभासद चर्चला देतात त्या दानातून का, आणि जुनी दिसली तर ‘मंडळीची लाज काढली.’

या यादीतली शेवटची बाब मला बरेच दिवस पटत नव्हती. आधाराचा अभाव? मावशीला ताप आला की चार घरांतून डबे येतात. नाताळात घरात पाय ठेवायला जागा नसते. मग अभाव कसला?

शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स यांनी १९८५ साली तोवरचं संशोधन एकत्र करून मांडलं, की सामाजिक आधार ताणापुढे उशीसारखा काम करतो, धक्का शोषून घेतो. पण ही उशी बनते ती मुख्यतः एका भरवशाने: वेळ आली तर मला कुणीतरी आहे. डबे किती आले, हा वेगळा हिशेब. उलट उघड दिसणारी मदत कधीकधी टोचतेही. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची रोजची नोंदवही तपासली. जोडीदाराने आधार दिला पण परीक्षार्थीच्या तो लक्षातच आला नाही, त्या दिवसांनंतर मन हलकं होतं. लक्षात आला तिथे उदासी वाढलेली दिसली. मदत घेतली की आपण दुबळे ठरलो, ही बोच त्यामागे असावी.

आता पाळकीणबाईचा डबा पाहा. तो आणणारी बाई मंडळीची सभासद आहे. तिचा नवरा पाळकांचा पगार ठरवणाऱ्या कमिटीवर असू शकतो. तिच्या मुलीचं लग्न पाळकांनी लावलं, तिच्या सासऱ्यांना त्यांनीच माती दिली. डब्यासोबत तिचे डोळेही घरात येतात. पाळकीणबाईभोवती माणसांचा तुटवडा नसतो, पण त्यातल्या प्रत्येकाशी तिचं आणखी एक नातं आधीच बांधलेलं असतं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. ‘आमचं पटत नाहीये’ हे वाक्य ती कुणासमोर उच्चारणार?

उरते प्रार्थनासभा. तिथे ‘प्रार्थनाविषय’ सांगायची पद्धत आहे, आणि ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नका’ या वाक्याचा वेग सोलापूर-पुणे इंटरसिटीपेक्षा जास्त असतो.

म्हणून ती गप्प राहते. या गप्प राहण्याची किंमत मोजता येते. कोलंबिया विद्यापीठाच्या मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की माणूस एका वेळी सरासरी १३ प्रकारची गुपितं बाळगून असतो. त्रास कशाचा होतो? लोकांसमोर लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. एकटं असताना मन पुन्हा पुन्हा तिथेच जातं, आणि पोखरतं ते हे जाणं. पाळकीणबाईकडे स्वतःची गुपितं तर आहेतच, वर त्या आजीची, त्या सुनेची. रविवारी दोघी एकाच बाकावर बसतात आणि ही समोरून बघते.

हसऱ्या चेहऱ्याचाही हिशेब आहे. एमिली बटलर, जेम्स ग्रोस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अनोळखी बायकांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. या जोड्यांत गप्पा रंगल्या नाहीत, आणि रक्तदाब वाढला तो समोरच्या बाईचाही, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दाबून ठेवलेलं दाबणाऱ्यापाशीच राहत नाही.

आता सोमवारबद्दल. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी सहा-सात पाळकीणबाई कुणा एकीच्या घरी जमतात. वेगवेगळ्या चर्चच्या, मराठी आहेत, पूर्व भागातल्या तेलुगु मंडळीची एक आहे जिला सगळे ‘पास्टरम्मा’ म्हणतात, एक कानडी बोलणारी. एकाच मंडळीतल्या दोघी नकोत, ही पहिली अट. मला एकदा बसू दिलं. काय ऐकलं ते सांगणार नाही, कसं चालतं तेवढं सांगते.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मंडळीचं नाव घ्यायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला नाही. आणि प्रार्थना शेवटी, मध्ये नाही. हा नियम ऐकून मी चकित झाले. मावशी म्हणाली, ‘अगं, एखादी रडायला लागली की दुसरी लगेच म्हणते, चला प्रार्थना करू या. मग डोळे मिटायचे आणि विषयही मिटायचा. आधी तिला पुरतं बोलू दे. देवाला घाई नसते.’

यामागची यंत्रणा मानसशास्त्राला ओळखीची आहे. गटोपचारावर मोठं काम केलेल्या अर्विन यालोम यांनी गटात माणूस कशामुळे सावरतो याचे ११ घटक सांगितले. त्यांतला एक म्हणजे ‘हे माझ्या एकटीचंच नाही’ हा उलगडा. दुसरा, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. फ्रँक रीसमन यांनी १९६५ सालीच लिहिलं होतं, की मदत करणाऱ्याला मदतीचा लाभ कधीकधी घेणाऱ्याहून जास्त होतो. पाळकीणबाई आयुष्यभर मदतच करते, मग इथे नवं काय? इथे देणं-घेणं एकाच पातळीवर होतं. घरी ती फक्त देणारी असते.

जोडीदारांचा गट ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांचा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा गट १९३५ साली सुरू झाला. संस्थापकांपैकी एकाची पत्नी लोइस विल्सन हिच्या लक्षात आलं की आपल्यासारख्या बायकांनाही बसायला एक खोली हवी. १९५१ साली तिने मैत्रिणीबरोबर ‘अल-अ‍ॅनॉन’ उभं केलं.

भारतातला पुरावा वेगळ्या बायकांचा आहे, पण बोलका. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने आदिवासी भागात बायकांच्या मासिक बैठका घेतल्या. विषय होता बाळंतपण आणि तान्ही बाळं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीनपैकी शेवटच्या दोन वर्षांत नवजात मृत्यूदर ४५ टक्क्यांनी कमी. आयांच्या नैराश्यात तीन वर्षं मिळून फारसा फरक दिसला नाही. मात्र तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. मला यातलं ‘तिसऱ्या वर्षी’ महत्त्वाचं वाटतं. गट मुरायला वेळ लागतो, आणि पाळकाची बदली तीन-पाच वर्षांत येऊन ठेपते.

गटाने बिघडतंही. अमांडा रोझ यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत पाहिलं, की तेच ते दुःख मिळून उगाळत बसतात तिथे मैत्री घट्ट असते आणि उदासीही जास्त असते. म्हणून सोमवारी एकच गाऱ्हाणं तिसऱ्यांदा आलं की पास्टरम्मा विचारते, ‘मग यंदा काय करायचं ठरवलंस?’ आणि झोप उडालेली, जीव नकोसा झालेला, घरात हात उचलला जातोय, हे गटाने पेलायचं काम नव्हे. तिथे डॉक्टर हवा, पोलीस हवेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे. घराची लाज झाकायला प्रार्थना पुढे करणं मला तरी पाप वाटतं.

त्या दिवशी बैठक मावशीकडे होती. शेंगापोळ्या झाल्या होत्या. सगळ्यांत लहान बाई, लग्नाला दोन वर्षंही न झालेली, पहिल्यांदाच बोलत होती, आणि मध्येच नळाला पाणी आलं. मावशी सवयीने उठली, पाइप पिंपात सोडला आणि तोटी बारीक करायला वाकली. पास्टरम्मा आतूनच ओरडली, ‘फुल सोडा हो, बाई! आम्ही जवळ सरकून बसतो.’

सगळ्या सतरंजीवर पुढे सरकल्या. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.