ट्रेलरखालची स्टेपनी आणि पाच मिलिमीटरची फट

"बाबा, ट्रेलरच्या खालून आवाज येतोय. खड्डा आला की टक्, आणि लगेच पुन्हा एक हलकं टक्." मुलीने अमेरिकेहून तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी तीनदा ऐकला आणि विचारलं, "तुमची स्टेपनी कुठे टांगलेली आहे?"

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. पाळी सुटली की घरी ठाण्याला येताना पुढे हमखास एखादा कंटेनर ट्रेलर असायचा, न्हावा-शेवा बंदरातून निघून मालासकट रांगत चाललेला. रस्ता खराब झाला की त्याच्या चेसिसखालून असाच आवाज यायचा. पावसाळ्यात गायमुख घाटात तर मी एका टेम्पोची स्टेपनी डोळ्यांदेखत सुटताना पाहिली आहे. ती आडवी पडली, आपटून उभी राहिली आणि घरंगळत कठड्याला जाऊन धडकली. मधे एक स्कूटर होती. तिचा हँडल हातभर अंतराने वाचला. टेम्पोवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आठ दिवस वाजत होती, साहेब."

आठ दिवस वाजत होती, म्हणजे आठ दिवस सांगत होती.

मुलगी आणि जावई ओहायोत राहतात. त्यांनी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचं हे चाकांवरचं छोटं घर: पलंग, शेगडी, मोरी, पाण्याच्या टाक्या, सगळं आत. चेसिस म्हणजे पोलादाच्या दोन लांब कड्या (तुळया), खाली दोन अ‍ॅक्सल. स्टेपनी मागच्या बाजूला जमिनीशी समांतर टांगलेली, एका तारेच्या दोराने. टॉमी (फिरवायचा दांडा) फिरवली की विंच तो दोर गुंडाळतो आणि चाक वर खेचून चेसिसला चिकटवतो. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांमध्ये हीच सोय असते.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका घरचा केला आहे की तो कुठून आला हे विचारत नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर काढायचा, ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावी थॉमस मॉरिस डेव्हिस याने जादा चाकाची युक्ती काढली. गावातल्या ज्या रस्त्यावर हे काम चाले त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. साहेब गेला, त्या रस्त्याचं नाव मात्र आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये राहिलं.

आता वजनाकडे येऊ. असल्या ट्रेलरचं पंधरा इंची चाक लोखंडी रिमसकट साधारण २५ किलोचं असतं. "पंचवीस किलो तर आहे बाबा, एवढं काय," असं जावई म्हणाले. त्यांचं चुकलं असं नाही, थांबलेल्या ट्रेलरखाली ते पंचवीस किलोच असतं. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटलेल्या त्या चाकात जितकी ऊर्जा असते, तितकी ऊर्जा तेच चाक २५ मीटर उंचीवरून खाली पडताना कमावतं. पंचवीस मीटर म्हणजे आठवा मजला. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या आठव्या मजल्यावरून कोणी गाडीचं चाक खाली टाकलं, तर खाली कोणी उभं राहील का? हायवेवर मागून येणारी गाडी नेमकी तिथेच असते.

आणि ते पडतं का, हे कळायला त्या 'टक्'पाशीच जावं लागतं.

चाक घट्ट चिकटलेलं असेल तर गाडी उसळली की चाकही तिच्याबरोबर उसळतं. जोर वाढतो, पण हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. मधे थोडीशी फट पडली की गोष्ट बदलते. गाडी खड्ड्यात खाली जाते तेव्हा आधार चाकाखालून सरकतो, चाक क्षणभर हवेत राहतं आणि मग आधारावर आपटतं. समजा आधाराची पट्टी चाकाच्या नुसत्या वजनाने १ मिलिमीटर वाकते. चाक अलगद न ठेवता, फट न ठेवता, एकदम सोडलं तरी त्या पट्टीला ५० किलोचा दणका जाणवतो, म्हणजे दुप्पट. २ मिलिमीटर फटीतून पडलं तर सुमारे ८० किलोचा. ५ मिलिमीटर फट असेल तर १०० किलोच्या वर. पाच मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन-तीन नाणी. खड्ड्यातून गाडी वर येत असतानाच चाक खाली येत असेल, तर दणका याहून मोठा. पट्टी जितकी कडक, तितका तो वाढतो. हातोडी खिळ्यावर नुसती टेकवून दाबली तर खिळा जात नाही, दोन इंचावरून मारली तर जातो. इथे तीच हातोडी दर खड्ड्याला स्वतःच्याच आधारावर बसत असते.

म्हणून मी जावयांना सांगितलं, "जावईबापू, पहिल्यांदा स्टेपनीची हवा बघा."

ते थोडे गोंधळले. गाडीला न लागलेल्या चाकाची हवा? पण दोराने वर खेचलेलं चाक जागेवर राहतं ते टायर चेसिसला दाबून धरतो म्हणून. हवेने भरलेला टायर ही एक स्प्रिंगच आहे. दोर त्याला वर ओढतो, तो चेसिसला ढकलून दोर ताठ ठेवतो. विंचचा गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे दोराची लांबी तीच राहते. हवा उतरली की टायर मऊ पडतो, ढकलणं कमी होतं, दोर सैल होतो. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. टायरवर ६५ पीएसआय लिहिलेलं, प्रत्यक्षात निघाली २२. कित्येक महिने कोणी हात लावला नव्हता, कारण हवेचा वॉल्व्ह वरच्या बाजूला, चेसिसच्या आत होता. वॉल्व्ह खाली, हात पोहोचेल असा ठेवायला हवा. एवढी साधी गोष्ट चाक टांगताना कोणाच्या लक्षात येत नाही.

हवा भरली, आवाज थांबला. इथे बहुतेक जण सुटले म्हणतात. मी त्यांना दोरावरून कापसाचा बोळा फिरवायला सांगितला, जाड हातमोजे घालून. आमच्याकडे क्रेनच्या दोरावर आम्ही हेच करायचो. दोरातली एखादी बारीक तार तुटलेली असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे तंतू पकडते. बोळा तीन ठिकाणी अडकला. तारेचा दोर बाहेरून चकचकीत असतो आणि आतून गंजतो, कारण दोराच्या पेडांच्या मधल्या फटींत पाणी ओढलं जातं आणि वाळत नाही. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे ते काम खाडीचा वारा करतो. ऐरोली-वाशीकडे बाल्कनीचं ग्रिल किती वेळा रंगवावं लागतं ते तिथल्या माणसाला विचारा. खारट ओलावा वीज चांगली वाहून नेतो आणि गंजणं ही शेवटी एक विद्युत-रासायनिक क्रियाच आहे.

दोर बदलण्यापेक्षा पद्धतच बदलावी असं ठरलं. दोराच्या जागी दोन आडव्या कड्या आणि रिमच्या मधल्या भोकांतून बोल्ट. मी कागदावर आकृती काढली आणि वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी फुल्या मारल्या.

पहिली फुली मागच्या बंपरवर. मी चाक तिथे जवळ दाखवलं होतं. "साहेब, तुम्ही एसटीत शेवटच्या सीटवर बसला आहात ना कधी?" बसलोय, आणि डोकं टपाला लागलेलंही आठवतं. अ‍ॅक्सलच्या जितकं मागे जावं तितका उसळा मोठा. ट्रेलरचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी. तिच्यावर चाक टांगलं की वेल्डिंगच्या कडेला चीर जाते. शिवाय अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेलं वजन सी-सॉसारखं पुढची बाजू उचलतं. २५ किलोचं चाक अ‍ॅक्सलच्या ३ मीटर मागे आणि हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतात तो सांधा, साडेचार मीटर पुढे असेल, तर हिचवरचा भार १७ किलोने कमी होतो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे हिचवर असावा लागतो. तो घटला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून आम्ही चाक अ‍ॅक्सलच्या पुढे आणलं. मात्र अ‍ॅक्सल पूर्ण वर उचलला गेला तरी चाकाला लागणार नाही, ब्रेकच्या वायरी आणि गॅसची नळी दबणार नाही, एवढी मोकळी जागा मोजून.

दुसरी फुली होती मी दाखवलेल्या भोकावर. कडीच्या खालच्या पट्टीत मी बोल्टसाठी भोक काढलं होतं. कडी वाकते तेव्हा वरच्या आणि खालच्या पट्टीला सगळ्यात जास्त ओढ-दाब सोसावा लागतो, मधली उभी पट्टी निवांत असते. भोक पाडायचंच तर त्या मधल्या पट्टीत, नाहीतर भोक न पाडता क्लॅम्पने पकडायचं. तीस वर्षं नोकरी करून ही चूक मी केली, आणि मिस्त्रींनी एक शब्दही न बोलता ती खोडली.

वेल्डिंगही आम्ही टाळलं. धातू एकदा जेवढा ताण सोसतो, त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा, लाखो वेळा आला तरी तो तुटतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच दशकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाचा रेल्वे इंजिनिअर आगगाड्यांचे अ‍ॅक्सल का तुटतात याच्या मागे लागला होता. त्याने दाखवलं की ताणाचा आकडा आणि तो किती वेळा येतो, दोन्ही मिळून तुकडा पाडतात. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. वेल्डिंगच्या कडेला त्या थकव्याला पहिली चीर पाडायला आयती जागा मिळते, आणि गंज चढला तर पोलादाची उरलीसुरली सहनशक्तीही जाते.

राहिले बोल्ट. नट घट्ट करताना आपण जो जोर लावतो त्यातला नव्वद टक्के घर्षणात जातो, जेमतेम दहा टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. तो ताणही केवढा, तर केसाच्या जाडीएवढा, फार तर दोन-तीन केसांएवढा. हा ताणच दोन तुकडे आवळून धरतो. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. त्या उतरणीवरून नट खाली घसरत नाही तो घर्षणामुळे. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं की वरखाली हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे जास्त घातक. उतरत्या फळीवर ठेवलेलं तांदळाचं पोतं एरवी हलत नाही, पण फळी डावी-उजवी हलवत राहा, ते हळूहळू खाली सरकू लागतं. घर्षण आडव्या घसरणीत गुंतलं की उतरणीवर रोखायला उरत नाही. स्टेपनी आडवी सरकू लागली की तिचे नट असेच उलगडतात. आणि आपण सगळे ज्याच्यावर भरवसा टाकतो तो स्प्रिंग वॉशर अशा हादऱ्यांपुढे जवळपास काहीच करत नाही. आत नायलॉनची रिंग असलेला नट पूर्ण निघून पडत नाही, पण ताण टिकवायचं काम त्याचं नाही. ताण टिकतो तो आवळलेल्या थरांत काही मऊ नसेल तर. रबर, प्लायवूड, प्लॅस्टिकची पट्टी, काहीही मधे नको. बोल्ट लांब असेल तर आणखी बरं, कारण त्याचा ताण जास्त असतो आणि किंचित दबण्याने तो संपत नाही.

मिस्त्रींनी शेवटी आकृतीत एक साखळी काढली, कड्यांना आणि रिमला वेगळीच गुंडाळलेली, बोल्टांशी संबंध नसलेली. दोन बोल्ट आणखी लावले असते तर तेही त्याच हादऱ्यांनी सुटले असते. साखळीवर रोजचा भार नसतो, त्यामुळे ती थकतही नाही. फक्त ती इतकी आखूड हवी की चाक सुटलं तरी रस्त्याला लागणार नाही.

काम करताना ट्रेलर पिकअपला जोडलेला, चाकांना दोन्हीकडून ओंडके, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली कोणीही शिरायचं नाही, हे मी मुलीकडून दोनदा वदवून घेतलं.

दीडशे किलोमीटर चालवल्यावर जावयांचा व्हिडिओ कॉल आला. चारही नटांवर पिवळ्या रंगाने ओढलेल्या खुणा सरळ रेषेत होत्या, एकही नट फिरला नव्हता. तरी मी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणारा पाना, लावायला सांगितला. तीन नटांवर पाना लगेच 'कट्' बोलला. चौथा पाव फेरा फिरला, मग बोलला. त्यांनी तो उघडला. वॉशरखाली कडीवरचा जुना रंग होता, तीन-चार थरांचा, आणि त्याची पूड झाली होती. खुणेची रेघ न हलता बोल्टचा ताण तिथे जिरला होता.

"खरवडू का बाबा?" त्यांनी विचारलं.

"लोखंड दिसेपर्यंत," मी म्हटलं. "आणि आवळून झालं की कडेने रंगाचा हात मारा, मिठाचं पाणी आत जायला नको."