ओझोन फ्रेंडली आहे म्हणून सोडून द्यायचा?

एसी एका खोलीतून दुसरीकडे हलवायचा होता. टेक्निशियन आला, आउटडोर युनिटपाशी बसला आणि सरळ पान्याने गॅसचा पाइप जोडणारा फ्लेअर नट सैल केला. फुस्स्स आवाज, नटाभोवती पांढरं हिम, तेलाचा बारीक फवारा. मी म्हटलं अहो दादा, गॅस चाललाय सगळा! तर म्हणतो, "काका, हा नवीनवाला आहे, ओझोन फ्रेंडली. याने काय होत नाय."

स्टिकरवर खरंच तसं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नाही. या एसीतल्या गॅसमध्ये, म्हणजे आर-४१०ए मध्ये, क्लोरीनच नाही, मग ओझोनला मारणार कोण? पण ओझोनला न मारता पृथ्वी तापवता येते, आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. 'ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं' हे फॉरवर्ड दर उन्हाळ्यात येतंच. ते भोक अंटार्क्टिकावर पडतं, त्यातून अतिनील किरण जास्त येतात, आपल्या उकाड्याचं कारण ते नाही.

आता खरी मजा. जमीन दिवसभर तापते आणि ती उष्णता इन्फ्रारेड किरणांच्या रूपात वर सोडत असते, त्यातली सर्वात जास्त १० मायक्रोमीटरच्या आसपास. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बऱ्याच लांबीचे किरण अडवतात, पण साधारण ८ ते १२ मायक्रोमीटरचा पट्टा बऱ्यापैकी मोकळा राहतो, म्हणजे घराला एकच उघडी खिडकी. आणि या गॅसमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध स्प्रिंगसारखा ताणला जातो तो नेमका याच खिडकीच्या लांबीवर! शिवाय फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून बसलेला, त्यामुळे बंध हलला की विद्युतभार जोरात मागेपुढे होतो आणि किरण जोरात शोषला जातो. कार्बन डायऑक्साइडने स्वतःचा पट्टा आधीच भरून टाकलाय, तिथे अजून थोडा आला तर फरक कमी पडतो, पण उघड्या खिडकीवर पातळ पडदा टाकला तरी लगेच जाणवतो. म्हणून १०० वर्षांच्या हिशेबात आर-४१०ए चा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २०८८ किलो. जवळपास ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं, तेही एका नटातून.

म्हणूनच नियम आले. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून सीएफसी, एचसीएफसी हे क्लोरीनवाले जुने गॅस जाणूनबुजून हवेत सोडायला बंदी आली, आणि १५ नोव्हेंबर १९९५ पासून त्यांच्या जागी आलेल्या गॅसनाही, म्हणजे 'ओझोन फ्रेंडली' ही सबब तिथे तेव्हाच संपली. प्रामाणिकपणे गॅस काढून घेताना होज लावता-काढता जो थोडासा उडतो तेवढा माफ. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांना सूट आहे, घरगुती फ्रिजमधल्या आयसोब्युटेन गॅसलाही आहे. आयसोब्युटेनला का? तर त्यात फ्लोरिन नाही आणि हवेतला हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा चपळ तुकडा) त्याचा हायड्रोजन ओढून त्याला काही दिवसांत मोडतो. तो पेट घेतो, त्यामुळे ठिणगीची भीती मात्र आहेच, पण तो वेगळा विषय.

मग गॅस काढायचा कसा? एसी चालू असेल तर पंप डाऊन. कूलिंगवर ठेवायचा, बारीक पाइपचा व्हॉल्व ॲलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोरमध्ये जमा करतो, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचाही बंद आणि लगेच मशीन बंद. काही मिनिटांचं काम आहे हो! कॉम्प्रेसर मेला असेल तर रिकव्हरी मशीन लावून गॅस सिलिंडरमध्ये घ्यायचा, तोही ८० टक्क्यांपर्यंतच, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि जागा नसेल तर सिलिंडर फुटू शकतो.

हे सगळं मी त्याला ऐकवलं. इन्फ्रारेडपाशी तो कंटाळला, पण नट आवळला आणि उरलेला गॅस पंप डाऊन केला. नवीन जागी पाइप जोडल्यावर परत तोच प्रकार, आतली हवा काढायला थोडा गॅस सोडून "पाइप धुवून घेतो" म्हणाला. मी विचारलं, हवा खेचून काढायचा व्हॅक्यूम पंप? तो बॅगेत नव्हता. मग चहा घेतला आणि आणायला गेला.