हवाबंद डब्यातील मायक्रोफिल्म

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, तेव्हापासून जुने दस्तऐवज हवाबंद डब्यात ठेवले म्हणजे काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. पाण्यापासून बचावासाठी ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालयांतील जुन्या मायक्रोफिल्मला हाच उपाय घातक ठरतो.

विसाव्या शतकात जुनी वृत्तपत्रे आणि हस्तलिखिते छोट्या आकारात उतरवून घेतलेल्या बहुतेक फिती सेल्युलोज ॲसिटेटच्या आहेत. सेल्युलोजच्या लांब साखळीला जोडलेले ॲसिटिल गट हवेतील बाष्पामुळे एकेक करून सुटतात आणि प्रत्येक सुटलेल्या गटापासून ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाचा, एक रेणू तयार होतो. हे आम्ल पुढचा गट सुटण्याची क्रिया वेगवान करते. विरजणाचा थेंब दुधात वाढत जावा तसा हा प्रकार दिसतो. मात्र येथे कोणताही जीवाणू नसतो, अभिक्रियेतून निर्माण झालेला पदार्थच तिचा उत्प्रेरक बनतो. म्हणून अनेक वर्षे फितीत काहीच बदल जाणवत नाही आणि एका मर्यादेनंतर ऱ्हास झपाट्याने होतो. झाकण घट्ट असेल तर आम्लाची वाफ आतच कोंडते आणि शेजारची निरोगी फीतही बाधित होते. कपाटात डांबरगोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला ठेवल्याने कीड कदाचित दूर राहील, आम्ल नव्हे. पुढे फितीचा पाया आकसतो, त्यावरील चांदीचे कण धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मात्र तितका आकसत नाही, त्यामुळे सुरकुत्या पडून तो सुटू लागतो. अशी फीत स्कॅनरच्या भिंगाखाली सपाट बसत नाही, आणि मग अक्षरे एकसारखी स्पष्ट येत नाहीत.

अस्पष्ट अक्षरे संगणक स्वतःच ओळखून घेईल, हा सध्याचा उत्साह मला धोक्याचा वाटतो. मूळ पान चौदा पटींनी लहान केलेले असेल, तर त्याच्या प्रत्येक इंचामागे ३०० बिंदू मिळवण्यासाठी फितीच्या प्रत्येक इंचामागे ४,२०० बिंदू टिपावे लागतात. अनुस्वार आणि शिरोरेषा स्कॅनमध्ये उतरल्याच नाहीत, तर संगणक फक्त अंदाज करील.

म्हणून स्कॅनिंगचा क्रम वाचकांच्या मागणीवरून न ठरवता आम्लावरून ठरवावा. त्यासाठी आम्लदर्शक कागदी पट्ट्या मिळतात. फितीसोबत डब्यात ठेवल्यावर निळी पट्टी आम्ल असेल तर आधी हिरवी आणि नंतर पिवळी होते. पिवळ्या पट्टीचा डबा प्रथम उघडावा, तो इतरांपासून वेगळा ठेवावा आणि त्यातील फीत आधी स्कॅन करावी.