ड जीवनसत्त्वाचा जर्मन हिशेब आणि कोकणातलं ताट

अन्नातून ड जीवनसत्त्व देऊन कर्करोगाचे मृत्यू टाळता येतील, असा एक जर्मन हिशेब आहे. अन्नात काहीतरी घालून रोगाला आळा घालायचा, हा सरकारी उद्योग कोकणाला नवा नाही. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणं १९५३ पासून सक्तीचं झालं. मग मिठाची पाळी आली. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून चाललेल्या प्रयोगात आयोडीनच्या मिठानं गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९९८ मध्ये खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली. ती २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली. गलगंड कमी झाला हे खरंच. पण आयोडीन मिसळायची यंत्रं मोठ्या कारखानदाराला परवडतात. ज्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्यासारख्या छोट्या मिठागरांच्या खड्या मिठाला मासळी खारवायला नि माडाच्या आळ्यात टाकायला तेवढी जागा उरली.

कर्करोग या गोष्टीत उशिरा आला, आणि आला तोही ठेच खाऊनच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं ते द्रव्य) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्तच निघाला. त्यानंतर आशा ड जीवनसत्त्वावर वळली. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या चाचणीत कर्करोग होण्याचं प्रमाण काही घटलं नाही. मात्र अनेक चाचण्या एकत्र मांडल्यावर कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले.

हाच आकडा धरून हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रानं २०२१ मध्ये हिशेब मांडला. पन्नाशीपुढच्या सगळ्या जर्मनांना रोज ड जीवनसत्त्व दिलं, तर खर्च वर्षाला ९० कोटी युरो, टळणारे मृत्यू ३०,००० पर्यंत, आणि उपचारांवरच्या बचतीतून हा खर्च वजा जाता निव्वळ फायदा २५.४ कोटी युरो. गोळ्यांपेक्षा दुधातून देणं स्वस्त. फिनलंड ते २००३ पासून करतंच आहे.

मेख आहे ती बचतीच्या रकान्यात. जर्मनीत शेवटच्या महिन्यांतला उपचार विमा भरतो, म्हणून वाचलेला पैसा वहीत दिसतो. आपल्याकडे योजना आहेत, पण मुंबईच्या ‘टाटा’ कर्करोग रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलेल्या माणसामागे गाडीभाडं, सोबत्याची बुडालेली मजुरी, गहाण पडलेली आंब्याची कलमं हे कुठल्या खात्यात धरायचं?

दुसरी अडचण ताटाची. २०१८ च्या नियमांनुसार पोषणयुक्त म्हणून विकायच्या लिटरभर दुधात ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व हवं. खर्च लिटरमागे काही पैसे, म्हणजे नगण्यच. घाटावरून येणारं पिशवीचं दूध त्यात बसतं. दारातल्या म्हशीचं आणि गावच्या गिरणीतला उकडा तांदूळ बसत नाही.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाचं वेगळंच. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून पिठापासून बनवलेला असतो. धुताना तो वर तरंगतो. मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बोटांनी वेचून टाकला जातो, आणि सरकारनं मोजलेला खर्च मोरीतून वाहून जातो. आधी सांगितलं असतं तर हे टळलं असतं. सांगायला फार पैसे लागत नाहीत.

आणि तारली-बांगड्यात ड जीवनसत्त्व मुळातच असतं. किनाऱ्यावरची बरीचशी तारली मात्र फिशमीलच्या कारखान्यात जाऊन कोंबड्यांचं नि कोळंबीचं खाद्य होते.