ट्यूमरची जनुकं आणि टार्गेटेड थेरपी

टार्गेटेड थेरपी म्हणजे कॅन्सरची पेशी ज्या प्रोटीनच्या जोरावर वाढते नेमकं तेच अडवणारं औषध, म्हणून ते लागू पडेल का हे बरंचसं ट्यूमरच्या जीन्समध्ये काय बिघडलंय त्यावर ठरतं. आईवडिलांकडून आलेली म्युटेशन्स (म्हणजे जीन्समधले बिघाड) वेगळी आणि ट्यूमरमध्ये नंतर झालेली वेगळी, यात खूप जणांचा गोंधळ होतो. बहुतेक टार्गेटेड औषधांसाठी दुसरी बघतात, बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेले जीन्स) मात्र दोन्हीकडे येतं.

सगळ्यात सरळ उदाहरण सीएमएल या ब्लड कॅन्सरचं. ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजीन बनतं, त्याचं प्रोटीन कायम चालूच राहतं आणि इमॅटिनिब (अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर) ते बंद पाडतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मामला इतका सोपा राहत नाही. २००४ मध्ये कळलं की जेफिटिनिब हे औषध ज्यांना एकदम लागू पडलं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ट्यूमरमध्ये ईजीएफआर जीनमध्ये (यातून पेशीला वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन बनतं) ठरावीक बिघाड होते, जास्त करून एक्सॉन १९ या जीनच्या भागातला तुकडा गळालेला किंवा एल८५८आर नावाचा एका जागचा बदल. गाठ झपाट्याने आकसते, पण साधारण वर्षभरात बऱ्याच जणांत परत वाढायला लागते, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये टी७९०एम हे नवं म्युटेशन सापडतं. कधी कधी अशा मूठभर पेशी आधीपासूनच गाठीत असतात, औषधाने बाकीच्या मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं. टी७९०एमवर चालणारं ओसिमर्टिनिब २०१५ मध्ये आलं, पुढे सी७९७एस या आणखी एका म्युटेशनमुळे तेही निकामी होऊ शकतं. म्हणूनच आजार वाढला की जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता पुन्हा बायोप्सी किंवा रक्तातल्या ट्यूमर डीएनएची टेस्ट करणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्युटेशन तेच असलं तरी अवयव बदलला की उत्तर बदलतं. बीआरएएफ जीनमधलं व्ही६००ई हे म्युटेशन असलेल्या मेलानोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) बीआरएएफ दाबणारं वेमुराफेनिब एकट्याने छान काम करतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र फारच कमी, कारण तिथं बीआरएएफ दाबलं की पेशी ईजीएफआरचा मार्ग जोरात चालू करते, मग दोन्ही मार्ग एकदम अडवावे लागतात आणि त्यासाठी बीआरएएफ अडवणाऱ्या एन्कोराफेनिबसोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब देतात.

उलटंही असतं, म्हणजे काही म्युटेशन्स औषध देऊ नका असं सांगतात. आतड्याच्या ट्यूमरमध्ये केआरएएस किंवा एनआरएएस जीन बिघडलेलं असेल तर नुसत्या सेटुक्सिमॅबचा उपयोग होत नाही, कारण वाढीचा सिग्नल ईजीएफआरच्या पुढच्या टप्प्यापासूनच चालू असतो, म्हणून ही टेस्ट औषध सुरू करायच्या आधीच करतात.