काळ्या सीटवरचे पांढरे ठिपके

हिवाळ्यात सकाळी एसटी एमआयडीसीतून जाऊ लागली की खिडकीशी बसलेलं कुणीतरी म्हणतंच, "केवढा धूर सोडतात बघा!" पण तो बऱ्याचदा धूर नसतोच. कूलिंग टॉवरची वाफ गार हवेला लागून तिचं धुकं झालेलं असतं. दुपारी ऊन चढलं की वाफ निघतच असते, फक्त दिसत नाही. मी टॉवरची तब्येत ओळखतो ती शेजारच्या पार्किंगमधल्या दुचाकींवरून. काळ्या सीटवर मोहरीएवढे पांढरे ठिपके पडलेले असतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. वाफेने असे ठिपके पडत नाहीत.

यंत्रांची उष्णता घेऊन तापलेलं पाणी टॉवरमध्ये वरून सोडतात. आतल्या नागमोडी प्लॅस्टिकच्या 'फिल'वर ते पातळ पसरत उतरतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. थोडं पाणी उडून जातं आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. तत्त्व माठाचंच, आणि खोडही माठाचीच: पावसाळी दमट हवेत दोघंही आळसावतात. तासाला १००० घनमीटर पाणी फिरवून ते १० अंशांनी गार करणारा टॉवर तासाभरात सुमारे १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. म्हणजे दर तासाला दीड टँकर.

ही वाफ शुद्ध असते. क्षार मागेच राहतात आणि टॉवरखालच्या टाकीतलं पाणी आटवलेल्या दुधासारखं दाट होत जातं. म्हणून थोडं पाणी सतत काढून टाकावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. पाणी जास्त आटवलं तर ब्लोडाउन वाचतो, पण नळ्यांत क्षारांची पुटं चढतात. ही ओढाताण टॉवर सांभाळणाऱ्याच्या रोजच्या नशिबी असते.

खरी गोम आहे ती थेंबांत. हवेच्या झोताबरोबर बारीक थेंबही वर जातात, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. ते अडवायला वर वळणदार पाती बसवतात. हवा वळून निघून जाते, जड थेंब पात्यावर आपटून खाली पडतो. चांगली पाती असली तर फिरत्या पाण्याच्या ०.००२ टक्केच थेंब निसटतात. आधी सांगितलेल्या टॉवरमध्ये तासाला २० लिटर. १५ हजारांपुढे २० म्हणजे काहीच नाही, पण टाकीत जे जे असेल ते सगळं या २० लिटरमध्ये असतं. सीटवरचे ठिपके म्हणजे हेच थेंब वाळून मागे राहिलेले क्षार.

एकेकाळी टाकीत क्रोमेट असायचं. लोखंड गंजू नये म्हणून ते टाकत, आणि काम चोख व्हायचं. पण क्रोमियमचं हे विषारी, षट्संयुजी रूप श्वासावाटे गेलं तर कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेने १९९० मध्ये इमारतींच्या वातानुकूलनाच्या टॉवरमधून आणि १९९४ मध्ये कारखान्यांच्या टॉवरमधूनही ते हद्दपार केलं.

क्रोमेट निदान माणूस टाकत होता. लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू आपण होऊन येतो. टॉवरमधलं कोमट पाणी आणि फिलवरचा बुळबुळीत थर त्याला चांगलाच मानवतो. उत्तर फ्रान्समधल्या आर्न गावाजवळ नोव्हेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाचे रुग्ण वाढू लागले. संशय एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या टॉवरवर गेला. टॉवर बंद करून डिसेंबरमध्ये उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुतला, आणि रुग्णांची दुसरी लाट आली. फिलवरची घाण फवाऱ्यानेच बारीक तुषार होऊन उडाली होती. जिवाणू सहा किलोमीटरपर्यंत पोचले. ८६ जणांना आजार झाला, त्यातले १८ दगावले.

पुढच्याच डिसेंबरात फ्रान्सने असे टॉवर धोकादायक प्रतिष्ठानांच्या कायद्याखाली आणले. लिटरमागे १००० जिवाणू सापडले की उपाययोजना, १ लाख सापडले की टॉवर तत्काळ बंद, आणि फवाऱ्याने धुण्यावरही निर्बंध.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कूलिंगला किती पाणी लागतं याची वेगळी नोंद असते. पार्किंगमधल्या ठिपक्यांची अर्थातच नसते. पण ते अचानक वाढले, तर जाणता ऑपरेटर दुचाकी हलवायला सांगत नाही. शिडी लावून आधी पाती बघायला वर चढतो.