वारी चालणारे आणि वारी लिहिणारे

पंढरपूरच्या देवळात एक शिलालेख आहे, चौऱ्यांशीचा लेख. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. वाचायला घेतला तर निघतात देणगीदारांची नावं! 1273 ते 1277 या काळात देवाला कोणी काय दिलं त्याची ही नोंद; यादव राजा रामदेवरावही त्यात आहे. मध्ययुगीन यात्रेचा अभ्यास अशा दानलेखांवर आणि अभंगांवर चालतो. अभंगात ओढ कळते, माणसं किती नि कुठल्या वाटेने आली ते कळत नाही.

पालखी त्या मानाने अलीकडची. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी ती 1685 मध्ये देहूहून सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, 19व्या शतकाच्या पूर्वार्धात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि दिंड्यांच्या ठरलेल्या क्रमात फौजेची सवय दिसते. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आजही येतात.

वारीत चालून तिच्याकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणं 20व्या शतकातलं. जेझुइट या ख्रिस्ती संघातले फ्रेंच धर्मगुरू गी देल्यूरी यांचा विठोबा संप्रदायावरचा ग्रंथ 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. तिथेच शिकवणाऱ्या इरावती कर्वे त्याआधीच दिंडीत चालल्या होत्या. ‘वाटचाल’ या त्यांच्या लेखाला तोड नाही, असं माझं मत.

त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दोघेही होते. अभंग एकत्र, स्वयंपाक वेगळा. ही पंगतीतली फाळणी त्यांना रोज सलायची. एक दिवस त्या मराठा बायकांत जेवायला बसल्या. मग बायका हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही ठरलं. त्यावर एका पोरीने विचारलं, तेव्हाही आमच्याशी असंच वागाल का? प्रश्न बाईंच्या वर्मी लागला. साने गुरुजींना विठ्ठलाचं देऊळ हरिजनांसाठी खुलं व्हावं म्हणून 1947 मध्ये उपोषण करावं लागलं, त्याच दशकातली ही गोष्ट.

1962 मध्ये लेख इंग्रजीत आला आणि मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरच्या हाती पडला. यात्रेत माणसं हुद्दा-दर्जा बाजूला ठेवून एकमेकांना भेटतात, हा त्याचा सिद्धान्त. त्यासाठी त्याने देल्यूरी आणि कर्वे दोघांचा आधार घेतला. जात सैल होते पण सुटत नाही, एवढं त्याला मान्य करावं लागलं. पुढे 1991 मध्ये जॉन ईड आणि मायकेल सॅलनो यांनी उलट बाजू मांडली: यात्रेचं ठिकाण म्हणजे वेगवेगळ्या दाव्यांची ओढाताण. विठ्ठलाचे वंशपरंपरेचे पुजारी असलेल्या बडव्यांची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं वाचलेल्या आपल्याला यात नवल ते काय!

कथाकार दि. बा. मोकाशी 1961 च्या वारीत चालले. त्यांची ‘पालखी’ मराठीत आली 1964 मध्ये, इंग्रजीत 1987 मध्ये. टर्नर 1983 मध्येच वारला होता; ती त्याच्या हाती पडलीच नाही.